सगळे आहेत, मीच नाही

वाचकाचं पत्र

मी 45 वर्षांची. माहेर चिपळूण, सासर पुणे. 2021 च्या जुलैमध्ये वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा खालच्या खोल्यांतले सगळे अल्बम गेले. माळ्यावरची पत्र्याची पेटी तेवढी वाचली. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. यंदा घर आवरताना ती पेटी उघडली, तर आत सात व्हिडिओ कॅसेट निघाल्या. त्यातली एक धाकट्या आत्याच्या लग्नाची, मे 1990 ची. तेवढी एकच एका दुकानातून पेन ड्राइव्हवर करून आणली आणि दिवाळीत सगळे जमलो तेव्हा टीव्हीवर लावली. खळ्यातला मांडव, पाहुण्यांना हाताला धरून बसवणारे बाबा, रुखवतावरून सावकाश फिरणारा कॅमेरा, आजी, काका, फ्रॉकातल्या आम्ही मुली. मी तर रडतच होते. आई तासभर गप्प बसली. मग म्हणाली, “सगळे आहेत, मीच नाही,” आणि कुकर लावायला आत गेली.

वातावरण हलकं व्हावं म्हणून मी दूरदर्शनवरचं जुनं ‘रामायण’ लावलं. माझ्या लहानपणीचा रविवार म्हणजे तेच. माझा 13 वर्षांचा मुलगा आणि 9 वर्षांची मुलगी बाणावर बाण आदळताना पाहून इतकी हसली, की मी टीव्ही बंद केला आणि दोघांना रागावले.

पुढच्या मार्गशीर्षात आईला पंच्याहत्तर पूर्ण होतील. भाऊ न्यू जर्सीहून येणार आहे. हॉल घेऊन, सगळ्या कॅसेटमधले प्रसंग जोडून मोठ्या पडद्यावर दाखवावेत असं माझ्या मनात आहे. भाऊ म्हणतो, आईला बाबांची आठवण सोसत नाही, कॅसेटचा विषयच नको. काय करू?

— एक माहेरवाशीण, पुणे

प्रिय माहेरवाशीण,

आईला बाबांची आठवण सोसली नाही असं तुमचा भाऊ म्हणतो. बहुधा तुम्हालाही त्या रात्री तसंच वाटलं असेल. तेही असेल त्यात, पन्नासेक वर्षांचा संसार आहे. पण तुमच्या आईने बाबांचं नाव काढलेलं नाही. त्या म्हणाल्या, “सगळे आहेत, मीच नाही.” तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं आणि दर वेळी या वाक्यापाशी थांबले. ते जसं बोललं गेलं तसंच खरं मानावं, हा माझा पहिला सल्ला. नवरा गेलेल्या बाईच्या तोंडून काहीही निघालं तरी आपण ते त्याच एका दुःखाच्या खात्यात टाकतो. इथे तसं करू नका. त्यांनी तासभर पडद्यावर स्वतःला शोधलं आणि त्या सापडल्या नाहीत, एवढंच त्यांनी सांगितलं.

मे 1990 मध्ये तुमची आई जेमतेम चाळिशीला टेकलेली, घरातली सून आणि नवरीची वहिनी. नणंदेचं लग्न घरच्या खळ्यात. अशा लग्नात वहिनी कुठे असते, हे कोकणातल्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. ती मागच्या पडवीत, परसात पेटलेल्या चुलाण्यांपाशी, कोठीच्या खोलीच्या किल्ल्या कमरेला लावून उभी असते. नारळ किती निघाले, मठ्ठ्याला ताक पुरेल का, वरपक्षाच्या चहाचं काय, कुणाच्या तान्ह्याला गरम पाणी हवं. अंतरपाट धरला जातो तेव्हा ती दाराच्या चौकटीपर्यंत येते, हातातल्या अक्षता तिथूनच टाकते आणि परत फिरते.

आणि कॅमेरा? त्या वर्षांतलं लग्नाचं शूटिंग आठवून पाहा. खांद्यावर तो जड कॅमेरा घेतलेला माणूस, शेजारी हॅलोजनचा दिवा उंच धरलेला पोरगा आणि त्याच्यामागे ओढत येणारी वायर. वायर जिथवर पोचेल तिथवरच उजेड आणि उजेड असेल तिथवरच चित्र. ते कॅमेरे अंधारात फारसं काही टिपत नसत. धुराने काळवंडलेल्या मागच्या पडवीत त्यांचा पाय पडत नसे. शिवाय काय काय घ्यायचं ते ठरवणार पैसे देणारं माणूस: मान कुणाकुणाचा, आहेर कुणाकुणाचे, स्टेजवर कोण कोण आलं. तुमच्या आईला मुद्दाम वगळायचं, असं कुणाच्या मनातही आलं नसेल. पण पस्तीस वर्षांनी त्या घराच्या नावाने जे चित्र उरलं, त्यात त्या नाहीत. त्यांनी ते एका तासात ओळखलं. आपण सगळे बाबांकडे पाहत राहिलो.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की कॅमेरा रुखवतावरून सावकाश फिरतो. मला विचारायचंय, ते रुखवत कुणी केलं होतं? आईला विचारलंत? मला उत्तर माहीत नाही. पण नणंदेच्या लग्नाआधी दोन महिने रात्री जागून क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणं, साखरेची फळं करत बसलेल्या किती तरी वहिन्या मी पाहिल्या आहेत. तसं असेल, तर चेहरा नसला तरी त्यांचे हात त्या कॅसेटमध्ये आहेत, तेही सावकाश आणि भरपूर उजेडात.

आता हॉल आणि मोठा पडदा. माझं मत स्पष्ट आहे: ते करू नका. निदान या कॅसेटचं तरी नाही. पंच्याहत्तरीच्या दिवशी शंभर माणसांत, नव्या साडीत, पुढच्या रांगेत बसवून त्यांना पुन्हा तेच दाखवायचं ज्यात त्या नाहीत? त्या काहीच बोलणार नाहीत. त्या वयाच्या बायका बोलत नाहीत, कौतुकच करतील. आणि मनात पुन्हा तेच वाक्य. हॉल घ्या, गोडाधोडाचं जेवण करा, नातेवाइकांना बोलवा, त्यात आनंदच आहे. पडद्याचा निर्णय मात्र आईशी बोलून घ्या. त्यांना आश्चर्याचा धक्का देऊ नका.

भावाचं ‘विषयच नको’ हेही मला पटत नाही. लांब राहणाऱ्या मुलाला आई दुखावू नये असं वाटतं, त्याची ती माया समजते. पण विषय बंद करणं म्हणजे आईने एकदाच, धीर करून जे सांगितलं त्यावर झाकण ठेवणं.

मग काय करायचं? तुमच्या जागी मी असते तर हे केलं असतं.

एखाद्या दुपारी, घरात दोघीच असताना, भाजी निवडायला त्यांच्याजवळ बसा. आई, तुला कसं वाटलं, असं विचारू नका. त्याला “काही नाही गं” हे एकच उत्तर येतं. विचारा, “आत्याच्या लग्नात पान किती उठलं होतं?” आकड्याचा प्रश्न विचारा, कारण तो त्यांच्या अखत्यारीतला आहे. त्यांना ते नक्की आठवत असेल. आणि आकड्यामागून बाकीचं येईल: आचारी कोण होता, जिलबीचा पाक कधी बिघडला, कोणाची पंगत उशिरा बसली, कोण न जेवता गेलं, शेवटच्या पंगतीला स्वतः काय खाल्लं, की खाल्लंच नाही. मग त्यांना सांगा, “हे मला जपून ठेवायचंय, फोनवर तुझा आवाज घेऊ का?” विचारूनच घ्या. चोरून घेतलेला आवाज पुढे कधी तरी त्यांना कळेल आणि बोलणं तिथे थांबेल.

मग त्यांची तयारी असेल तर पुन्हा कॅसेट लावा. घरातच, चारपाच माणसांत. रिमोट त्यांच्या हातात द्या. हे मी फार मनापासून सांगते आहे. कुठे थांबायचं, काय पुढे ढकलायचं, बाबा दिसतात तिथे किती वेळ थांबायचं, हे त्यांनी ठरवावं. तुम्ही फोन शेजारी ठेवून आवाज घेत राहा. चित्रात कोण आहे ते कॅसेट सांगत नाही. मुंडावळ्या बांधलेली नवरी आपल्याला कळते, पण तिच्या मागे उभी असलेली, कडेवर मूल घेतलेली बाई कोण? ते आज फक्त तुमच्या आईला ठाऊक आहे. आत्याला थोडं ठाऊक असेल, पण ती त्या दिवशी नवरी होती, तिने मागची पडवी कुठे पाहिली?

हे मी कशावरून सांगते? माझ्या वडिलांच्या साठीशांतीची कॅसेट आमच्याकडे होती. आम्ही भावंडांनी ती आई गेल्यावर दोन वर्षांनी संगणकावर करून घेतली. त्यात एका ठिकाणी हिरव्या लुगड्यातली एक बाई माझ्या आईच्या कानात काही तरी सांगते आणि आई अशी हसते, की तसं हसताना मी तिला उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. पाठ टेकून, डोळे मिटून हसते. ती बाई कोण, हे आम्हा पाच भावंडांपैकी कुणालाही सांगता येत नाही. गावाकडच्या दोन म्हाताऱ्या माणसांना दाखवून झालं, त्यांनाही ओळखता आलं नाही. माझ्या आईला इतकं हसवणारी मैत्रीण होती आणि तिचं नाव आता जगात कुणालाच सांगता येत नाही. तुमची आई समोर बसलेली आहे. म्हणून मी तुम्हाला घाई करते आहे.

दुसरी घाई उरलेल्या सहा कॅसेटची. आणि इथे एक आशेची गोष्ट आहे. त्या काळी बहुतेक व्हिडिओवाले शूटिंगची मूळ कॅसेट घेऊन तिच्यावरून ‘मिक्सिंग’ची दुसरी तयार करायचे. मिक्सिंग म्हणजे खऱ्या आवाजाच्या जागी सनई आणि सिनेमाची गाणी, बदामाच्या आकारात नवरा-नवरी, फुलांतून उमलणारी नावं, आणि व्हिडिओवाल्याला कंटाळवाणं वाटलं ते सगळं कापलेलं. पंगतीत वाढणाऱ्या बायका, रिकामी बसलेली मांडवातली म्हातारी माणसं, कॅमेरा चुकून चालू राहिला तेव्हाची चार मिनिटं हे बहुधा त्या कापण्यात जायचं. काही घरांना मूळ कॅसेटही मिळाली, काहींना नाही. तुमच्या सातांत एखादी बिननावाची किंवा त्याच लग्नाची दुसरी असेल तर ती आधी पाहा. तुमची आई कुठे असेल तर तिथे असेल. नसल्या तरी मागून आलेला त्यांचा आवाज असू शकतो, “अगं, ताटं पुढे घे” असा. मिक्सिंगच्या गाण्याखाली तो दाबला गेला असेल, मूळ कॅसेटवर तो असेल.

पण लगेच लावायला जाऊ नका. पेटी पुरातून वाचली तरी पस्तीस पावसाळे कोकणच्या दमट हवेत काढलेली आहे. कॅसेटमधली फीत म्हणजे पॉलिएस्टरची पट्टी, तिच्यावर चुंबकीय कणांचा लेप आणि ते कण धरून ठेवणारा गोंदासारखा थर. दमट हवेत हा थर पाणी शोषतो आणि चिकट होतो. अशी फीत चालवली की लेप खरवडून व्हीसीआरच्या, म्हणजे कॅसेट चालवणाऱ्या मशीनच्या, फीत वाचणाऱ्या हेडवर बसतो. चित्र जातं आणि कायमचं जातं. प्रत्येक कॅसेट उजेडात धरून वरच्या काचेतून फितीची गुंडाळी पाहा. कडेला पांढरी भुकटी किंवा जाळीसारखं काही दिसलं तर ती बुरशी. ती कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा, कुठल्याही मशीनमध्ये घालू नका आणि असं काम नेहमी करणाऱ्याकडेच द्या, कारण बुरशी मशीनमधून पुढच्या कॅसेटलाही लागते. ओलसर वाटली म्हणून उन्हात वाळवू नका. कॅसेटच्या पाठच्या कडेला एक छोटी प्लॅस्टिकची पट्टी असते. ती शाबूत असेल तर मोडून टाका, म्हणजे चुकून बटण दाबलं तरी तिच्यावर नवं काही रेकॉर्ड होणार नाही. कॅसेट पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, कोरड्या कपाटात. माळ्यावर परत नाही.

दुकानदाराला सांगा: कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत, काहीही न कापता हवी. तीन तासांच्या कॅसेटला तीनच तास लागतात, त्याला आडवाट नाही, त्यामुळे जो अर्ध्या तासात करून देतो म्हणेल त्याच्याकडे देऊ नका. लग्न संपल्यावर उरलेल्या फितीवर पुष्कळदा दुसरंच काही असतं, एखादा वाढदिवस किंवा टीव्हीवरून घेतलेलं काही. दुकानदार तो भाग रिकामा समजून सोडून देतात. आणि चेहरे ‘स्वच्छ’ करून देणारी नवी ॲप वापरण्याचा मोह झाला तर मूळ फाइल आधी बाजूला जपून ठेवा. ती ॲप पुसट चेहरा साफ करत नाहीत, आपल्या अंदाजाने नवा रचतात. तुमच्या बाबांच्या कपाळावरच्या आठ्या खऱ्या होत्या, त्या तशाच राहू द्या.

भाऊ म्हणेल, एक कॅसेट मी इकडे घेऊन जातो आणि करून आणतो. नको. आपल्या कॅसेट ‘पाल’ नावाच्या चित्र नोंदवण्याच्या पद्धतीच्या, अमेरिकेतले व्हीसीआर ‘एनटीएससी’ या दुसऱ्या पद्धतीचे. तिथल्या साध्या मशीनवर त्या चालणार नाहीत. विमानात सांभाळण्याची जोखीम वेगळीच. त्याला फाइलची प्रत द्या. एक तुमच्याकडे, एक त्याच्याकडे, एक इंटरनेटवरच्या साठ्यात. पुढचा पूर कुठल्या नदीला येईल सांगता येत नाही. आणि हे फार लांबवूही नका. शेवटपर्यंत व्हीसीआर बनवत राहिलेल्या जपानच्या फुनाई कंपनीनेही 2016 च्या जुलैमध्ये ते बनवणं थांबवलं. आता दुकानांत जी मशीन आहेत ती जुनी, दुरुस्त करून चालवलेली. ती दुरुस्त करणारी माणसंही वयस्कर होत चालली आहेत.

आता मुलांच्या हसण्याकडे येते. तुम्ही रागावलात, ते मी समजू शकते. आईच्या त्या वाक्याने तुम्ही आधीच हललेल्या होतात. पण मुलं तुमच्या बालपणाला हसली नाहीत. त्यांना दिसले ते आकाशात एकमेकांवर आदळणारे दोन बाण. तुम्हाला त्या बाणांबरोबर आणखी जे दिसत होतं ते पडद्यावर नव्हतंच. 25 जानेवारी 1987 ला ते सुरू झालं आणि पुढची दीड वर्षं रविवारी सकाळी साडेनऊला रस्ते ओस पडायचे. टीव्ही दर घरात नव्हता. आम्ही शेजारच्यांकडे जायचो. त्यांच्या दारात चपलांचा ढीग लागायचा, पुढे मुलं जमिनीवर, मागे मोठी माणसं. तुम्ही तेव्हा सातएक वर्षांच्या असाल. तुमच्या आठवणीत ती खोली आहे, कुणाच्या तरी मांडीची ऊब आहे. एक भाग लावून ती खोली मुलांना कशी दिसणार? लॉकडाऊनमध्ये 28 मार्च 2020 पासून दूरदर्शनने तेच पुन्हा दाखवलं, तेव्हाही घराघरांत आजीआजोबा भान हरपून बसले आणि नातवंडं त्यांच्याकडे पाहत राहिली. पाहण्यासारखं तेच होतं.

मुलांना हसू द्या. हसून झालं की ती विचारतात, “मग तुम्हाला हे आवडायचं कसं?” हा प्रश्न यायच्या आधी तुम्ही टीव्ही बंद केलात. पुढच्या वेळी थांबा. आणि एक गंमत करून पाहा. मुलगा तीनचार वर्षांचा असताना ज्याच्यासाठी जेवायचा थांबायचा, तो ‘छोटा भीम’ असेल किंवा दुसरं काही, त्याचा एक भाग त्याला लावायला सांगा. धाकटी हसेल. तो चिडेल, समजावू लागेल, तेव्हा मी आजीच्या मांडीवर बसून बघायचो, असं काही तरी सांगेल. तेव्हा तुम्ही काही बोलू नका, नुसतं ऐका. तुम्हाला त्या रात्री काय झालं होतं, ते त्याला तुमच्याशिवाय कळेल.

आणि याच संदर्भात आईला आणखी एक विचारा: रविवारी साडेनऊला तू कुठे असायचीस? माझी आई ते कधी बसून पाहू शकली नाही. ती शेजारच्यांच्या आणि आमच्या घराच्या मधल्या भिंतीपलीकडे, स्वयंपाकघरात, पोळ्या लाटत ऐकायची. पात्रांचे चेहरे तिला नीट माहीत नव्हते, आवाज सगळे माहीत होते. कोण बोलतंय ते ती एका शब्दात ओळखायची. तुमच्या आईने तुमच्याबरोबर बसून पाहिलं असेल तर फारच छान. नसेल पाहिलं, तर आता दुपारी जेवणं झाल्यावर मुलांना त्यांच्याशेजारी बसवा आणि पहिल्या भागापासून लावा. त्या वेळी आतून ऐकलेलं आता समोर बसून पाहू दे. स्वयंपाकघराकडे तेवढा वेळ तुमच्या यजमानांनी पाहावं.

पंच्याहत्तरीला पडद्यावर काही दाखवायचंच झालं, आणि आईची मनापासून हरकत नसेल, तर ती दोनच मिनिटांची गोष्ट पुरे. रुखवतावरून फिरणारा तो कॅमेरा, गाणं काढून टाकलेलं, आणि त्यावर आज घेतलेला त्यांचा आवाज: कुठला रुमाल कधी केला, कुठलं तोरण कुणी मागून नेलं, त्या दिवशी मागे काय चाललं होतं. बाकी कॅसेट घरात राहू द्या. आणि त्या दिवशी कॅमेरा कुणाच्याही हातात असो, भाऊ असो वा भाड्याचा माणूस, त्याला आधी सांगून ठेवा की जेवणं वाढणाऱ्या बायकांकडेही जायचं. कॅटररच्या असल्या तरी.

मार्गशीर्षाला अजून अवकाश आहे. बिननावाच्या कॅसेटवर काय निघालं ते कळवा. आणि पान किती उठलं होतं, तेही.